पन्नास मायक्रॉनचा प्रश्न

'ताई, पेंट मोजायचं मशीन बघ. अर्जंट.'

सकाळी सव्वासातला हा मेसेज. कर्वेनगरच्या फ्लॅटवर आम्ही तिघी राहतो आणि सव्वासातला तिघींपैकी एकीचाही मेंदू चालू नसतो. त्यात माझी एका फीचरची डेडलाइन बाराची. मला वाटलं, भिंतीचा पेंट. घराला रंग काढलाय की काय आणि मला कुणी सांगितलं पण नाही? फोन लावला तर धाकटा म्हणाला, ''भिंतीचा नाही ग. गाडीचा. किती जाड हाय ते मोजायचं. सर म्हणायलेत गाडी ओरिजिनल हाय, मी म्हणायलो नाही. आता मशीनच सांगंल.''

इथे थोडी पार्श्वभूमी. आम्ही आष्टीचे. आष्टी म्हटलं की लोक लगेच 'बीडची का?' विचारतात, एखादा इतिहासवाला असला तर वर्ध्याची. आमची तिसरी. जालना जिल्हा, परतूर तालुका. मी मास कॉम करायला बाहेर पडले ती पडलेच. धाकट्याने गावातच वॉशिंग सेंटर टाकलं. रॅम्प, प्रेशर पंप, बोअरचं पाणी आणि एक व्हॅक्युम क्लीनर. मागच्या वर्षी तो छत्रपती संभाजीनगरला जाऊन डिटेलिंगचा छोटासा कोर्स करून आला आणि सेंटरच्या बोर्डवर नवी ओळ आली, 'येथे कार डिटेलिंग करून मिळेल'. बाबांना पहिले दोन महिने वाटत होतं की हा आरटीओची कागदपत्रं करून देतोय.

तुम्ही पुण्या-मुंबईत राहत असाल तर डिटेलिंग म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. गाडी धुणं वेगळं आणि हे वेगळं. मशीनवर फोमचं पॅड लावायचं, त्यावर कंपाउंड घ्यायचं आणि रंगावरचे बारीक ओरखडे घासून नाहीसे करायचे. मग पॉलिश, मग वॅक्स नाहीतर कोटिंग. गाडी अशी चमकते की तिच्यात बघून भांग पाडावा. आणि खरं सांगायचं तर या कामाची गरज कोथरूडपेक्षा आष्टीला जास्त आहे. मराठवाड्यातलं ऊन, बोअरचं जड पाणी (थेंब वाळला की पांढरा गोल डाग), आणि मालकांची ती भयंकर सवय, धूळ साचलेली गाडी कोरड्या फडक्याने खसाखसा पुसायची. उन्हात धरली तर प्रत्येक गाडीवर कोळ्याची जाळी दिसतात. धाकट्याचा धंदा बरा चालला होता.

मग सरांची गाडी आली.

सर म्हणजे त्याचे आठवीचे क्लासटीचर. गडद राखाडी रंगाची छोटी हॅचबॅक, आठ वर्षं जुनी. सरांनी ती पोरासारखी जपलेली. मुलीच्या साखरपुड्याआधी चमकवायची होती. धाकटा म्हणाला, करतो. पुढच्या फेंडरवर एक ओरखडा जरा हट्टी होता, तो जाईपर्यंत घासत राहिला. आणि फेंडरवरच्या उंच रेघेवर (गाडीला जी शार्प घडी असते ना, ती) पॅड जरा जास्त थांबलं. पॅडवर राखाडी रंग आला. डिटेलिंगवाल्याच्या पोटात खड्डा पाडणारी गोष्ट कोणती असेल तर ती हीच. आजकालच्या गाड्यांवर रंगाच्या वर पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. पॅडवर रंग आला म्हणजे तो थर गेला. फेंडरवर दोन बोटांएवढा पट्टा फिकट पांढुरका दिसायला लागला.

फेंडर पुन्हा रंगवून द्यायला चार-पाच हजार लागतात. प्रश्न तेवढाच असता तर मिटला असता. पण धाकटा घाबरला, आणि घाबरून म्हणाला, ''सर, हा फेंडर आधी रंगवलेला हाय. लोकल काम हाय. म्हणून उडाला.'' सर म्हणाले, ''मी शोरूममधून आणली तेव्हापासून तिला काटासुद्धा लागलेला नाही. मी खोटं बोलतो का?'' झालं! गाव लहान, चहाच्या टपरीवर दोन पार्ट्या पडल्या. बाबा सरांच्या बाजूने. आईचं मत असं की दोघांनीही गप्प बसावं. आणि धाकट्याने कुठेतरी व्हिडिओ बघितला की पेंटची जाडी मोजायचं मशीन मिळतं.

तर अशा रीतीने, जिला स्वतःची स्कूटी वेळेवर सर्व्हिसिंगला न्यायची अक्कल नाही, ती मी पेंट थिकनेस गेज या विषयावर रिसर्च करायला बसले. (फीचर दीड वाजता गेलं. एडिटर, सॉरी.)

सगळ्यात आधी डोकं खाल्लं ते 'मायक्रॉन'ने. मिलिमीटरचा हजारावा भाग. वाचून काही बोध होईना. मग आठवलं, अरे, हा शब्द तर आपल्याला भाजीवाल्याने शिकवलाय! मुंबईतल्या २००५ च्या महापुरानंतर राज्याने २००६ मध्ये ५० मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅगवर बंदी आणली होती. पुढे केंद्राच्या नियमांत ती मर्यादा २०२१ मध्ये ७५ आणि २०२२ च्या अखेरीस १२० झाली. आता त्या पिशव्या डोळ्यापुढे आणा. गाडीवरचा क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे ती जुनी पन्नासची पिशवी. आणि पत्र्यापासून वरपर्यंत कंपनीचा सगळा रंग मिळून, गाडी कोणती त्यावर, ९० ते १५०. म्हणजे आजची एकशेवीसची पिशवी. लाखो रुपयांच्या गाडीची शान एका कॅरीबॅगएवढ्या जाडीत असते. आणि माझा भाऊ तिच्यावर तासाला पाचशे रुपये घेऊन मशीन फिरवतो.

त्या जाडीतही चार मजले असतात. तळाला गाडीची बॉडी टाकीत बुडवून विजेच्या मदतीने बसवलेला गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग रंगाचा बेस कोट, तो तर जेमतेम पंधरा-वीस मायक्रॉन, आणि वर क्लिअर. लोकल गॅरेजमध्ये पॅनल पुन्हा रंगवला की जुन्यावर नवा थर चढतो आणि आकडा दोनशे-तीनशेवर जातो. ठोकलेली जागा पुट्टी भरून सपाट केली असेल तर पाचशे, हजार, कितीही. म्हणून मशीन लावलं की पॅनलची कुंडली कळते. जुन्या गाड्यांचे मोठे खरेदीदार तपासणीला येताना हेच घेऊन येतात. आमचे गावाकडचे एजंट फडक्यात गुंडाळलेला लोहचुंबक लावून बघायचे, पुट्टी जाड असेल तर चिकटत नाही. फंडा तोच. फक्त चुंबक 'हो' किंवा 'नाही' सांगतो, आकडा सांगत नाही.

आता खरेदी. ऑनलाइन उघडलं तर दोन-तीन हजारांपासून अर्ध्या लाखाच्या पुढेपर्यंत रांग. सगळे एकाच साच्यातले दिसणारे, मुठीत मावणारे, पुढे एक नाकपुडी. स्वस्तातल्यांवर 'प्रोफेशनल' लिहिलेलं, महागातल्यांवर लिहायची गरज पडलेली नाही. मँचेस्टरची एल्कोमीटर १९४७ पासून हेच करतेय, अमेरिकेच्या डिफेल्स्कोची पॉझिटेस्ट मालिका डिटेलिंगवाल्यांमध्ये देवासमान. त्यांच्या किमती बघितल्या आणि मी आदराने टॅब बंद केला.

मग आठवली वाळूजची मैत्रीण. शाळेतली बेंचपार्टनर, डिप्लोमा करून वाळूज एमआयडीसीत पावडर कोटिंगच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. बजाजचा प्लँट १९८५ मध्ये तिकडे आला, २००१ मध्ये शेंद्र्याला स्कोडा आली, आणि त्यांच्याभोवती सुटे भाग करणाऱ्यांचं गाव वसलं. त्या गावात हे यंत्र म्हणजे वजनकाट्याइतकं रोजचं. तिथे त्याला कुणी 'पेंट गेज' म्हणत नाही, डीएफटी मीटर म्हणतात. ड्राय फिल्म थिकनेस. ती म्हणाली, ''ब्रँड नंतर बघ. आधी सांग, कशावर मोजणार?''

''गाडीवर.''

''ते कळलं ग. पत्रा लोखंडाचा का अॅल्युमिनियमचा?''

हा पहिला प्रश्न, आणि मला तो पडलाच नव्हता. लोखंडावर यंत्र चुंबकीय प्रवर्तनाने चालतं. टोकाशी चुंबकीय क्षेत्र असतं, मध्ये रंग जितका जाड तितका पत्रा लांब आणि परिणाम कमी, त्यावरून आकडा. फॅरेडे, १८३१, दहावीचं विज्ञान! अॅल्युमिनियमला चुंबक ओळखत नाही, तिथे पत्र्यात भोवरा-प्रवाह तयार करून मोजतात. महागड्या गाड्यांना अॅल्युमिनियमचे बोनेट, दरवाजे असतात. आष्टीत अशा किती येणार? पण साइटवर काम करणाऱ्या कंत्राटदारांच्या येतात, आणि नेमकी तीच गिऱ्हाइकं पैसे देतात. स्वस्तातल्या रेंजमध्ये दोन्ही मोजणारं यंत्र हजार-पाचशेनेच महाग पडत होतं. त्यामुळे दोन्हीवालं. आणि पत्र्याला जस्ताचा मुलामा असला तर काही स्वस्त यंत्रं ऑटो मोडवर लोखंडाला दुसराच धातू समजून बसतात, म्हणून मोड हाताने बदलता येणारं. प्लॅस्टिकच्या बंपरवर दोन्ही पद्धती आंधळ्या. तिथे अल्ट्रासॉनिक लागतं, वर जेल लावून, डॉक्टर सोनोग्राफीत लावतात तसं. त्याची किंमत तुम्हाला सांगत नाही, जेवण गोड लागायला हवं.

दुसरं तिने दाखवलं ते माहितीपत्रकातलं एक चिल्लर वाक्य. अचूकता, अधिक-उणे तीन टक्के अधिक दोन मायक्रॉन. म्हणजे शंभरचा रंग असेल तर यंत्राला पंच्याण्णव ते एकशेपाच काहीही म्हणायची मुभा. पाच मायक्रॉनची चूक! आणि हलकं पॉलिश एका वेळी रंग उडवतं किती? साधारण एक ते तीन. मी पेन खाली ठेवला. म्हणजे पॉलिशनंतर 'तीन मायक्रॉन गेले' असं छातीठोकपणे सांगणारा जो कोणी व्हिडिओत दिसतो, त्याच्या हातातलं यंत्र तेवढं शहाणं आहे का, हे आधी विचारायला हवं.

आणखी एक गोष्ट मात्र मला कुठल्याच जाहिरातीत सापडली नाही. यंत्र सांगतं ती एकूण जाडी. त्यात क्लिअर कोट किती ते सांगत नाही. एकशेवीस आकडा आला म्हणून वर पन्नासची पिशवी शाबूत आहे असं नाही. मागच्या मालकाने तीनदा घासून वीस ठेवली असेल आणि खालचा प्रायमर जाड असेल. थर वेगवेगळे दाखवणारी यंत्रं आहेत, ती पुन्हा त्या जेलवाल्या खानदानातली. म्हणून डिटेलिंगवाल्यासाठी हे यंत्र म्हणजे 'इथे जपून' सांगणारी पाटी. अजून किती घासता येईल याचा पास नाही.

मी दोन स्वस्त यंत्रं शॉर्टलिस्ट केली. एक माझं, ऑनलाइन मागवलेलं, परत करता येणारं. दुसरं पुण्यातल्या एका डिटेलिंग स्टुडिओवाल्याकडून चार दिवसांसाठी उसनं. दोन्ही पर्समध्ये टाकून शनिवारी वाळूज गाठलं. मैत्रिणीने त्यांचं तपासणी-प्रमाणपत्रवालं मीटर काढलं आणि ठरावीक जाडीच्या प्लॅस्टिकच्या पातळ पट्ट्या. नंगी लोखंडी चकती, वर शंभरची पट्टी, आणि एकाच जागी दहा-दहा वेळा टेकवायचं. माझ्या मागवलेल्या यंत्राने शंभरला शहाण्णव म्हटलं, मग एकशेनऊ, मग एकशेएक, मग पुन्हा शहाण्णव. उसन्या यंत्राने एकशेतीन, एकशेतीन, एकशेचार, एकशेतीन.

मी म्हटलं, ''पहिल्याची सरासरी शंभरच्या जवळ आहे की.''

तिने माझ्याकडे बघितलं. तशी ती नववीत गणिताच्या पेपरनंतर बघायची. ''रोज तीन जास्त दाखवणारं घड्याळ चालतं ग. तीन वजा करायचे. कधी पुढे, कधी मागे असं घड्याळ काय कामाचं?''

उसन्यासारखंच नवं घेतलं. साडेसात हजार. वर तिने ज्ञान दिलं ते असं. डब्यात येणारी चकती आणि गाडीचा पत्रा एक नसतो, म्हणून गॅरेजमधून भंगार फेंडर आण, त्याचा कोपरा पूर्ण घासून पत्रा उघडा कर आणि रोज सकाळी त्यावर शून्य लाव. टोक सरळ टेकवायचं, तिरकं नाही. काठापासून, घडीपासून लांब राहायचं, वाकलेल्या जागी आकडा फसवतो. आणि भर उन्हात मोजायचं नाही, कारण यंत्राला पन्नास डिग्रीपर्यंत काम करायचं माहीत असतं, मे महिन्यातलं बोनेट त्याच्याही पुढे असतं. हे सगळं मी तिकिटाच्या मागे लिहून घेतलं. वाळूज ते जालना, जालना ते परतूर, परतूर ते आष्टी. बस बदलताना पर्स छातीशी. साडेसात हजार म्हणजे माझ्या दोन फीचरचं मानधन, आणि त्यातलं एक अजून यायचंय.

घरी पोचले तर धाकट्याने पाणी विचारायच्या आधी डबा उघडला. पहिला प्रयोग बाबांच्या गाडीवर. छत एकशेचार, बोनेट नव्याण्णव, उजवे दरवाजे शंभरच्या आतबाहेर. डावा मागचा, तीनशेऐंशी. बाबा पडवीतूनच ओरडले, ''ते पोळ्याचं! बैलाचं शिंग लागलं होतं, विसरलात का?'' आम्ही खरंच विसरलो होतो. मशीन विसरलं नव्हतं. मग बाबा उठून आले, त्यांनी स्वतः बंपरवर टेकवून बघितलं, काहीच येईना. ''याला बंपर दिसेना,'' असं समाधानाने सांगून ते परत गेले.

रात्री धाकटा गच्चीवर आला. म्हणाला, ''ताई, उद्या फेंडर तीनशे निघाला ना, टपरीवर जाऊन सगळ्यांना दाखवणार.'' मी विचारलं, ''आणि शंभर निघाला तर?'' तो म्हणाला, ''निघणार नाही.'' जरा वेळाने म्हणाला, ''तुला खरं काय वाटतं?'' मला जे वाटत होतं ते मी बोलले नाही. ते बरोबर केलं का, मला अजून ठरवता येत नाही.

सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत सरांच्या दारात. सर मफलर गुंडाळून खुर्ची टाकून बसले, परीक्षेला बसतात तसे. धाकट्याने शून्य लावलं, मी वहीत लिहायला बसले. छत ९७. बोनेट १०२, ९९, १००. डावा फेंडर ९५, ९६, ९५. दरवाजे ९८, १०१. डिकी ९९. मग उजवा फेंडर, भांडणाचा. उडालेल्या पट्ट्यापासून चार बोटं लांब, जिथे त्याने हातही लावला नव्हता. ९६.

त्याने टोक पुसलं, पुन्हा टेकवलं. ९५. खाली, चाकाजवळ, ९७. पुन्हा शून्य लावून आला. ९६. त्या सगळ्या फेंडरवर एकही आकडा शंभरच्या वर गेला नाही. मग तो ज्या घडीवर रंग उडाला होता तिच्यावरच टेकवायला लागला, पण तिथे टोक नीट बसेना, आकडा सत्तर, एकशेतीस, काहीही उड्या मारायला लागला. मैत्रिणीचं वाक्य आठवलं, घडीवर आकडा फसवतो. घडीवरच रंग सगळ्यात पातळ असतो, पॅडचा दाब तिथेच एकवटतो, आणि यंत्राला नेमकं तिथलंच नीट दिसत नाही. मोठे डिटेलर घडीवर मास्किंग टेप लावून काम करतात ते म्हणूनच. दोन बोटं रुंदीची टेप, रोल असेल पन्नास-साठ रुपयांचा.

सरांनी विचारलं, ''काय निघालं?''

धाकटा फेंडरकडेच बघत होता. मला वाटलं, आता म्हणेल की मशीन स्वस्तातलं आहे, प्लस-मायनस पाच आहे. मीच त्याला शिकवलं होतं ते. पण पाचने काय होणार, दोनशेचा हिशोब होता.

''ओरिजिनल हाय, सर,'' तो म्हणाला. ''कंपनीचाच रंग हाय. मीच जास्त घासला.''

सर काही बोलले नाहीत. उठले, चष्मा लावला, माझ्या हातातली वही घेतली आणि सगळे आकडे वरपासून खालपर्यंत वाचले. एका आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, ''हा सात का एक?'' सात होता. मग म्हणाले, ''साखरपुडा तर झाला. फेंडर कधी करून देतोस?''

''या आठवड्यात. माझ्या खर्चाने.''

''परतूरला दे, गावात नको. शेड जुळत नाही इथे.'' मग आत जाता जाता दारात थांबले. ''आणि रविवारी मोकळा आहेस का? मेव्हण्याला मंठ्याला एक जुनी गाडी बघायचीय. विकणारा म्हणतोय विदाऊट अॅक्सिडेंट. हे यंत्र घेऊन चल.''

परत येताना धाकटा बराच वेळ गप्प होता. सेंटरवर आलो तर एक बोलेरो धुवायला येऊन थांबली होती. त्याने पंप चालू केला, पुन्हा बंद केला आणि माझ्याकडे वळून विचारलं, ''ताई, याला सेल कोणते लागतात? रविवारी मंठ्यात बंद नको पडायला.''